माझ्या आतड्याची गळती

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (कागदावरच हं, पोटावर आडवं पडणं सध्या जमत नाही.) तुझे गुडघे बरे असतील, दाजी नेहमीसारखे डाफरत असतील, म्हणजे सगळं क्षेम आहे असं धरून चालतो.

माझं पोट मात्र महिना झाला कुरकुरतंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आतड्याच्या अस्तराला गळती असेल. जन्मभर लोकांच्या भिंतींतली गळती शोधणाऱ्या प्लंबरला हे ऐकवायचं! म्हटलं, शोधा. ना सुई, ना नळी. उपाशीपोटी दोन जातींच्या साखरांचं पाणी प्यायचं आणि दुपारपर्यंतची सगळी लघवी कॅनमध्ये धरायची. बारीक साखर अस्तरातून सहज पाझरते, मोठी पाझरू नये. बारकीच्या मानाने मोठी जास्त उतरली, की गळती आहे असं समजायचं. (आम्हीही संडासाच्या टाकीत रंग टाकून असंच बघतो, फक्त रंग पीत नाही.)

पहिला निकाल, गळती आहे. बायकोने त्याच संध्याकाळी माझा पाव आणि दूध बंद केलं. मी हट्टाने पुन्हा तपासलं, तर आतडं ठणठणीत! पाव घेऊनच घरी आलो. पण बाईंनी खोदून विचारलं, त्या सकाळी काही चघळलं होतं का? चघळलं होतं की! उपाशी तोंडाला वास येतो म्हणून बिनसाखरेच्या पेपरमिंटच्या गोळ्या, चांगल्या मूठभर. त्यांत नेमकी तीच बारीक साखर निघाली, म्हणून मोठी तिच्यापुढे कमी भासली. (बिनसाखरेच्या गोळ्यांत! आता बोल.) तिसऱ्यांदा काही न चघळता तपासणी केली, तर निकाल धड ना इकडचा, धड ना तिकडचा. वर बाई शांतपणे म्हणतात, "काका, ही तपासणी शंभर माणसांची तुलना करायला ठीक. एकट्याच्या पोटाचा निवाडा हिच्या भरवशावर नाही करता येत." हे आधी का नाही सांगितलंत, असं मी तावातावाने विचारलं. तर म्हणे सांगितलं होतं, पण नळीचं नाव काढताच तुम्ही उठून गेलात.

असो. येत्या गुरुवारी घशातून नळी घालून आत बघणार आहेत. काळजी करू नकोस. नळ्यांशी माझा जन्माचा संबंध.

तुझा,
धाकटा

ता. क. हिलाही हेच सांगितलंय, भीती कसली!

आणखी एक ता. क. ताई, बुधवारीच ये ना. सहज आले म्हण. आत काय निघेल या विचाराने माझी पाचावर धारण बसलीय, पण हिचा सगळा धीर माझ्यावर टिकलाय. मला रडताना फक्त तूच पाहिलंयस.

वन्सं, पाकीट चिकटवायला ह्यांनी माझ्याकडेच दिलं. बुधवारी नको, मंगळवारीच या. एक दिवस मलाही रडायला हवाय.