अळणी पाव

प्रिय राद्मिला मावशी,

लोकरीचे मोजे मिळाले. मी खुशाल आहे. हे आधीच लिहितो, कारण माझं पत्र तू शेवटच्या ओळीपर्यंत श्वास रोखून वाचतेस.

मी अजून सीमेवरच्या गडाच्या वेशीवरच पहाऱ्याला आहे. अडसर लावला की तीनदा ओढून बघतो. आमच्या धर्मसैनिकांचे नायक बंधू ओग्न्येन, तीस वर्षं छातीवर क्रूस वागवणारा माणूस, म्हणतात, "त्रिपुन, सैतानांच्या आधी तूच तो अडसर झिजवशील!" सगळे हसतात. मीही हसतो आणि चौथ्यांदा ओढतो.

इथला रिवाज तुला ठाऊक आहे. आत येणारा राजा का असेना, झरोक्यातून दिलेला खारा पाव त्यानं आमच्यादेखत गिळायचा. दरीपलीकडचे सैतान माणसाचं रूप हुबेहूब घेतात, पण मिठाचा कण त्यांच्या घशाखाली उतरत नाही. एकाला दार उघडलं की धुक्यात दबा धरलेले शेकडो आत शिरतात, आणि गडाखालीच आपली गावं आहेत.

गेल्या मंगळवारी दुपारी एक माणूस एकटाच चढ चढून आला. फाटका डगला, डावा पाय ओढत. मी झरोक्यातून पाहिलं. मावशी, ते बाबा होते, दोन वर्षांपूर्वी दरीपलीकडे हरवलेले. "त्रिपो, दोन वर्षं चालतोय रे," ते म्हणाले. "तुझ्या मावशीनं वांग्याचं लोणचं घातलंय की नाही यंदा?" मी पाव दिला. त्यांनी तो भुकेल्यासारखा खाल्ला. बंधू ओग्न्येन यांचे डोळे भरून आले. "अरे, बघतोस काय? बाप आलाय तुझा! काढ अडसर!"

माझा हात अडसरावर होता. पण तू बाबांशी लग्न करून घरी आलीस आणि मला पीठ मळायला शिकवलंस, तेव्हाची सवय सुटलेली नाही. "आधी जिभेवर, मग भट्टीत," असं म्हणत तू दर वेळी कणीक चाखायला लावायचीस. मला तेव्हा राग यायचा. वाटायचं, सख्खी आई असती तर इतकं छळलं नसतं. मी टोपलीतला उरलेला पाव तोंडात टाकला. अळणी! उपवासाचा आठवडा होता. मुदपाकखान्यातून उपवासाचा बिनमिठाचा पाव वेशीच्या टोपलीत आला होता.

"लग्नातल्या वाढप्यासारखा चाखत काय बसलास?" बंधू ओरडले. मी, तू माझ्या डगल्याच्या अस्तरात शिवून दिलेली मिठाची पुरचुंडी दातांनी उसवली, एका तुकड्यावर मीठ टाकलं आणि बाहेर धरला. बाहेर थंडी होती. ते खरे असतील तर मी माझ्या बापाला दाराबाहेर गारठवत होतो.

त्यांनी तुकडा घेतला. हसले. "दाढ दुखते रे, आत आल्यावर खातो." मी म्हणालो, "इथेच खा, बाबा." ते तुकडा दगडावर ठेवून वळले आणि उतरून गेले. जाताना पाय ओढत नव्हते.

बंधू ओग्न्येन यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "कुणी शिकवलं रे तुला?" मी तुझं नाव सांगितलं. आता पाव दारात देण्याआधी पहारेकरी तो चाखतो. सगळे त्याला "राद्मिलाचा घास" म्हणतात.

जिवंत माणसाचं रूप त्यांना घेता येत नाही, हे आपल्याकडे पोरंही जाणतात. म्हणून हे पत्र. गावात दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं. दर रविवारी तू बाबांचं ताट मांडतेस. आता वाट बघू नकोस. पण ताट उचलूही नकोस. ईस्टरला मला आठ दिवसांची रजा मिळाली आहे, त्या ताटावर मी बसेन. आणि तू मला दहा वर्षं चाखायला लावलंस, त्याबद्दल जे म्हणायचं आहे ते एकाच शब्दात मावतं. तो मी कधी उच्चारला नाही, म्हणून इथे नीट, सावकाश लिहितो: आई.

तुझाच मुलगा,
त्रिपुन