सगळ्यांत मिळून एक नळ

३ मे

चि. टाचणीस,
आत्याचे अ. आ.

नाही गं बाई, मुळीच नाही. तुझ्या त्या नव्या वसाहतीत तळमजल्यावर मला दोन खोल्या कशाला? आर्किटेक्ट झालीस म्हणून काय सगळे नातेवाईक उचलून कागदावर ठेवणार? माझं इथे छान चाललंय. हे गेल्यापासून घर कसं आरशासारखं, जिथली वस्तू तिथे. कुणाची कटकट नाही.

नकाशा मात्र बघितला. टेबलावर मावेना म्हणून पलंगावर पसरला आणि चारी बाजूंनी फिरून बघितला. चार इमारती, मधे भाजीचे वाफे, घरटी एक. झकास! पण अगं, एवढ्या बायाबापड्यांत मिळून एकच नळ? आणि वाफ्यांना कुंपणच नाही? एकीचा भोपळा दुसरीच्या टोमॅटोवर चढेल आणि आधी झारी कुणाची यावरून झिंज्या उपटतील. मी हसता हसता खाली बसले ती नेमकी तुझ्या तिसऱ्या इमारतीवर. कागद चुरगळलाय, रागावू नकोस. आणि वाफे स्वयंपाकघराच्या खिडकीखाली घे की, हात बाहेर काढला की कोथिंबीर!

लोभ असू दे, नसला तर पेर.
आत्या

१२ मे

ती. आत्यास,
शि. सा. न.

खिडकीखाली दिवसभर इमारतीची सावली असते. तिथे कोथिंबीर नाही, शेवाळ येईल. तेव्हा ते राहू दे.

नळाचं मात्र तुझं खरं निघालं. तुझं पत्र मी ऑफिसात वाचून दाखवलं. साहेब आधी हसले, मग नकाशा पुढे ओढला. म्हणाले, आत्याबाई बरोबर बोलतात, भांडणं झाली की तक्रारी आपल्याकडे येणार. एक नळ ही माझी हौस होती; पाण्याच्या निमित्ताने माणसं भेटतील, असं वाटलं होतं. दोन दिवस धुसफुसले आणि सगळं खोडलं. आता प्रत्येक वाफ्याला वेगळा नळ, छातीएवढं कुंपण, कडीचं दार.

तुझ्या दोन खोल्यांसाठी पार टोकाचा कोपरा काढलाय. रस्ता नाही, वर्दळ नाही, कुणी फिरकणारसुद्धा नाही. नको म्हणालीस तरी नकाशा पक्का होईपर्यंत तो मी कुणाला देणार नाही.

थट्टा कर, पण लोभ कमी करू नकोस.
तुझी टाचणी

१७ मे

चि. टाचणीस,
अ. आ.

मी गंमत केली होती गं! ऑफिसात वाचून दाखवायला कुणी सांगितलं होतं? आणि तुझे ते साहेब, बायकोचं तरी एवढं ऐकतात का?

पहिला नकाशाच बरा होता. छातीएवढं कुंपण म्हणजे काय, माणसं राहणार का कोंबड्या? तुझं पत्र आल्यापासून माझा पाय घरात ठरत नाही. काल कपाट या भिंतीचं त्या भिंतीला नेलं, आज परत आणलं. कंबर धरलीय. हे पत्रसुद्धा दोनदा फाडून लिहितेय.

ते कुंपण काढ. लोभ असू दे.
आत्या

२२ मे

ती. आत्यास,
शि. सा. न.

तू मला नाचवतेस हं. एकदा हसतेस म्हणून खोडायचं, मग रुसतेस म्हणून परत काढायचं. तीस तारखेला बैठक आहे. त्यानंतर पाण्याच्या नळ्या पुरायला घेतील, मग कुणाच्या बापाला बदलता येणार नाही. साहेबांना कारण लागतं. काय सांगू? आत्याचं मन फिरलं?

आणि राग मानू नकोस, पण तू तर येणार नाहीस. मग तिथे एक नळ असला काय नि पन्नास असले काय, तुला काय त्याचं?

लवकर लिही. लोभ आहेच.
टाचणी

२५ मे

चि. टाचणीस,
अ. आ.

साहेबांना सांग, भांडणाऱ्यांना भांडू दे. दोघी झारीवरून भांडतात तेव्हा एकमेकींचं घर तरी कळतं. एवढंच कारण. लोभ असावा. आत्या.

सही करून पत्र पाकिटात घातलं, पोस्टापर्यंत गेले, तशीच परत आले. पाकीट फोडलं.

हे होते तेव्हा आम्ही रोज भांडायचो. खिडकी उघडी का बंद, पेपर आधी कुणी वाचायचा. हे तणतणत बाहेर जायचे आणि पाच मिनिटांत चष्मा कुठे ठेवलास म्हणून ओरडत आत यायचे. आता खिडकी मला हवी तशी उघडी असते आणि मी नुसती या खोलीतून त्या खोलीत फिरते. सगळे इतके चांगले वागतात की जीव नकोसा होतो. भाजीवाली पूर्वी माझ्याशी हुज्जत घालायची, आता 'न्या आजी' म्हणते आणि पिशवीत टाकते. शेजारीण मी म्हणेन त्याला हो म्हणते. बाजूला व्हा, माझा नंबर आहे, असं मला किती दिवसांत कुणी म्हटलं नाही!

कटकट नको म्हणाले ते खोटं. तू पुन्हा एकदा विचारशील म्हणून वाट बघत होते, तर तू माझ्याभोवती कुंपणच घातलंस.

तो कोपरा नको. नळासमोरच्या खोल्या दे. मला इथे एकटीला राहवत नाही गं.