गहिनीनाथच्या जागी

३ जून
चौसाळ्यात पोचलो. हायवेलगत खताच्या दुकानावर ऑफिस आहे. खिडकीतून शेतं दिसतात. वनमालाताई इथे शाळांसाठी मुक्त सॉफ्टवेअर करतात. आल्याआल्या चहा सांगितला. आधीचा प्रोग्रॅमर गहिनीनाथ विहिरीवरच्या मोटरीच्या स्टार्टरला चिकटून गेला, असं म्हणाल्या. वाईट वाटलं. त्याच्याच कॉम्प्युटरवर विंडोज नव्यानं टाकलं; मग गिट, पायथन, कंपायलर. झकास चाललंय.

५ जून
बिल्ड होईना, प्रोग्रॅम उभाच राहीना. कुठलीतरी फाइल अजून गहिनीनाथच्याच फोल्डरचा पत्ता मागते. शेवटी नाइलाजानं त्याच्या नावाचं फोल्डर केलं, तेव्हा गाडी हलली. ताई म्हणाल्या, त्याचं पहिल्या फटक्यात व्हायचं.

त्याची आई छबुबाई अजून रोज ऑफिसात डबा आणतात. म्हणाल्या, "लेकाच्या जागेवर कुनीतरी जेवतंय, बास हाय." म्हणजे जेवायचंही मी त्याच्याच वाटचं.

९ जून
जळतो मी त्याच्यावर. मेलेल्या माणसावर जळायचं म्हणजे हद्द झाली, पण जळतो. गिटमध्ये प्रत्येक बदलापुढे करणाऱ्याचं नाव राहतं, आणि पहिल्या ओळीपासून नाव त्याचंच. ताई गेवराईला गेल्या होत्या. एक कमांड दिली, सगळीकडून तो गेला आणि मी आलो, रामप्रसाद. जुनी प्रत पुसून टाकली. पोटभर जेवलो.

१० जून
ताईंनी माझ्या दोन वर्षांच्या कामाचं कौतुक केलं. मी तर आत्ता आलोय. गहिनीनाथचं नाव काढलं, तर कोण तो, म्हणाल्या. चेष्टा असेल. पण गोड लागली.

१२ जून
छबुबाईंनी केसांवरून हात फिरवला. "रामा, ल्हानपनी पडलतास, ती खूण अजून हाय की."
भुवईवर खूण आहे. काल नव्हती.

१३ जून
लातूरला आईला फोन केला. कोण पाहिजे, म्हणाली. मला मुलगा नाही, म्हणाली.
नावं परत बदलायला बसलो. जुनी प्रत मीच— उजव्या तळहाताला मुंग्या येतायत.

१४ जून
तळहात काळा पडलाय. भाजल्यासारखा. त्याचं सगळं मला हवं होतं. सगळं आलं— त्याचं शेवटचंसुद्धा—

१५ जून
शेताची लाईट आली. छबुबाई दारात. मोटर चालू करून ये, म्हणतात. मी जन्मात मोटर चालू केली नाही— पण हाताला माहीत आहे, स्टार्टर कुठे—
पेन हातात आहे तोवर हात इथेच राहील, म्हणून लिहितोय— रामप्रसाद, लातूर— रामप्रसाद—
छबुबाई म्हणतात, आण ते पेन, मी धर—