रांगोळीत न मावलेली गल्ली

५ जानेवारी, रविवार

आले! सहा विद्यार्थी आणि त्यांच्या मॅडम. परदेशातल्या विद्यापीठाची पोरं, गाव आपला विकास आपण कसा करतं ते शिकायला आमच्या गावात राहणार. आमच्या! चिंताकीहून पुढं रस्ता संपल्यावर जे लागतं, त्या गावात.

आणि त्यांची दुभाषी कोण? मी. मंगल पिराजी. समाजकार्य, दुसरं वर्ष, गुलबर्गा. मराठी घरची, कन्नड शाळेची, दखनी बाजाराची आणि इंग्रजी माझी मी कमावलेली. अप्पा सकाळपासून इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. कुणी विचारलं की सांगायचे, "गोरे लोक काय बोलायलेत ते आमच्या मंगलबिगर कुणाला कळंना."

मॅडमनी एकच बजावलं: बोललं गेलं तेवढंच सांगायचं, पदरचं काही घालायचं नाही. बरं.

६ जानेवारी

पहिल्याच दिवशी गोंधळ. मार्टा नावाची उंच मुलगी कॅमेरा डोळ्याला लावून चालत होती, ती सरळ कमलबाईंच्या दारातल्या रांगोळीवर बूट देऊन उभी! बायका एकदम, "अगं माय! तुडिवली की गं!" कमलबाई म्हणजे वरच्या गल्लीतल्या, बचत गटाच्या अध्यक्ष. सगळ्यांना वाटलं, आता पोरीची धडगत नाही. पण मार्टाने कान पकडले (मीच शिकवलं) आणि कमलबाईंनी हसून तिला भाकरी वाढली.

संध्याकाळी मार्टाला समजावलं — रांगोळीवर पाय देत नाहीत, ओलांडतही नाहीत. तिने विचारलं, पुसट झाली तरी? तरीही.

उद्या बायका गावाचा नकाशा काढणार, जमिनीवर, रांगोळीने. पंचायतीचे धनराज अण्णा म्हणाले, "बायका काढतील तसंच नळाची लाइन टाकू." हे मी इंग्रजीत सांगताना माझाच आवाज वर गेला. आमच्या गल्लीत नळ नाही. आई अजून ओढा ओलांडून पाणी आणते.

७ जानेवारी

आज मी पदरचं घातलं. घातलं!

देवळापुढं नकाशा काढला. कमलबाईंनी पहिल्यांदा देऊळ काढलं, मग वरची गल्ली, मग शाळा, दुकान, ओढा. बाहेर बाहेर सरकत काढत गेल्या, कारण काढलेल्यावर पाय द्यायचा नाही. ओढ्यापर्यंत आलं आणि जागा संपली. पुढं बायकांची गर्दी. गर्दीत आई, शेजारची नागूबाई, आमच्या गल्लीतल्या सगळ्या.

मॅडमनी विचारलं, पूर्ण गाव आलं का यात?

कमलबाई म्हणाल्या, "व्हय, समदं आलं."

मी इंग्रजीत सांगितलं — हो, सगळं आलं. माझ्याच तोंडाने! आणि मग राहवेना. वळून मोठ्याने म्हणाले, "मॅडम विचारायल्यात, सावित्रीबाईचं घर कुठंय?"

मॅडमनी असलं काही विचारलं नव्हतं. मॅडमना सावित्रीबाई कोण हेही ठाऊक नव्हतं. सावित्रीबाई म्हणजे माझी आई.

कमलबाईंनी नकाशा पाहिला, मग आईच्या पायांकडं पाहिलं. "तू हुबी हायीस की तिथं. तिथंच येतंय तुझं घर." आणि खरंच! आमच्या बायका नेमक्या आमच्या गल्लीवर उभ्या होत्या. कुणी मुद्दाम वगळलं नव्हतं. याचाच जास्त राग आला मला. मुद्दाम केलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

आई भांडली नाही. म्हणाली, "मग अक्का, उद्या आमच्याकडं या. आमच्या दारापासून काढू."

वरच्या गल्लीतल्या बायका आमच्या गल्लीत येत नाहीत. मयतीला पुरुष येतात, निवडणुकीला उमेदवार. कमलबाई हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. नकाशा आहे तसाच राहिला तर नळ ओढ्याशी थांबणार.

आईने आमच्या बुद्धविहारासमोर सडा घालून ठेवलाय. मला म्हणाली, "येतील न्हाईतर न्हाई. अंगण तर झाडून झालं."

८ जानेवारी

आल्या!! सगळ्या नाहीत, पण कमलबाई पुढं आणि मागं बऱ्याच.

आईने विहार काढला, मग आमची घरं, चिंच, नागूबाईचा गोठासुद्धा. तीच तऱ्हा — बाहेर बाहेर सरकत. ओढा आला, शाळा आली, वरची गल्ली अर्धी आली आणि जागा संपली. देऊळ कुठंच नाही! कमलबाईंनी खाली पाहिलं. त्या देवळावरच उभ्या होत्या. "अगं बया! आता आमचाच देव गावाभाईर की गं!" म्हणाल्या आणि इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी. आई पण हसली. मॅडम मला कोपराने ढोसतायत, काय झालं, काय झालं. मी हसू आवरून सांगू कशी?

चहा केला होता. कमलबाई म्हणाल्या, "आज उपास हाय गं." ना सोमवार, ना एकादशी. कसला उपास! आणि उपासाला चहा तर चालतोच. आईने कप उचलून आत नेले, चेहरा जराही न बदलता. मी तो भाग इंग्रजीत सांगितला नाही.

९ जानेवारी

दोन नकाशे, दोन्ही अर्धे. धनराज अण्णा डोकं खाजवायलेत.

११ जानेवारी, शनिवार

आज जे झालं ते माझ्या कॉलेजात कुणी शिकवलं नसतं.

शाळेच्या पटांगणात दोन्हीकडून सुरुवात. एका टोकाला आई, दुसऱ्याला कमलबाई. पण मध्ये जाणार कसं? वाद, आरडाओरडा, अर्धं कन्नडमध्ये. शेवटी नागूबाई म्हणाली, "रस्त्यावर कामून काढायलाव रांगोळी? रस्ते सोडा मोकळे. त्याच्यावरून चला." घरं भरायची, रस्ते कोरे. मग काय! बायका आपापल्या गल्लीतून चालत आत गेल्या, वाकून आपलं घर काढलं, त्याच वाटेने बाहेर आल्या. आई आणि कमलबाई ओढ्याशी समोरासमोर. एकीने अलीकडचा काठ काढला, एकीने पलीकडचा.

नळासाठी नवी बोअर घ्यायची ती आमच्या टोकाला, चिंचेजवळ. खाली उतार, पाणी तिथंच लागणार यावर सगळ्यांचं एकमत. काम तिथून सुरू करायचं. धनराज अण्णांनी शाळेच्या गच्चीवरून फोटो काढला.

मी त्या फोटोत रस्त्यावर उभी आहे. आमच्या गल्लीच्या रस्त्यावर. फार भारी वाटलं आज. गावाचा अभिमान वाटावा असं गावाने पहिल्यांदा काही केलं.

१६ जानेवारी, गुलबर्गा

पाहुण्यांना गाडीत बसवून आले. मार्टाने सगळं रेकॉर्ड केलेलं, आणि इथल्या कुणाकडून तरी मराठीचा अर्थ काढून घेतलेला! मॅडम प्लॅटफॉर्मवर म्हणाल्या, तो सावित्रीबाईंचा प्रश्न मी विचारलाच नव्हता. मग म्हणाल्या, विचारायला हवा होता. पुढच्या वर्षीच्या तुकडीला शिकवायला दुभाषी म्हणून नाही, शिक्षिका म्हणून येशील का?

गाडी सुटली तरी मी हात हलवत होते. एका हमालाने बाजूला केलं.

२१ एप्रिल

अप्पांचा फोन. नळ आला! आमच्या गल्लीत आधी. आईला द्या म्हटलं तर फोनमध्ये नुसतं पाणी ऐकवलं तिने.

२ मे, गावी

वरच्या गल्लीचं खोदकाम खडकात अडकलंय आणि तिकडची जुनी मोटर जळली. सकाळी दारात कमलबाई, कमरेवर घागर. "सावित्री, पाणी घिऊ का गं?"

आमची आजी यांच्या आडाजवळ ओंजळ धरून बसायची, वरून कुणी ओतेपर्यंत.

आई बाजूला झाली. "घ्या की अक्का. तुमच्या हातानं घ्या."

नळ कमलबाईंनी सोडला.