माझ्या नावाने घेतलेले राहण्याचे पैसे

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा खुर्च्या, सोफे आणि गाद्या भरून देण्याचा, आज पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या अकलेने आणि स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. गुडघे गेले आहेत, डोके गेलेले नाही. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण ‘म्हातारीला भ्रम झाला होता’ असे म्हणायला माझा मुलगा कमी करणार नाही. यापूर्वीच्या मृत्युपत्रात मी सगळे त्याच्या नावे लिहिले होते. ते मी रद्द करते.

१. माझी स्थावर मिळकत म्हणजे राहते घर: तळमजल्यावरच्या तीन खोल्या आणि मागची कामाची खोली. माझे पती मालवाहू गाडी चालवत, मी गाद्या भरत असे. त्या कमाईतून हे घर झाले. वाडवडिलांकडून आम्हा दोघांना काहीही आलेले नाही. पतींच्या मागे हे घर माझ्या एकटीच्या नावावर आहे.

२. मला एकच मुलगा. त्याला घरात ‘साहेब’ म्हणतात. आधी लाडाने म्हणत, आता मी तरी लाडाने म्हणत नाही. तो विमा कंपनीत नोकरीला लागला तेव्हा आम्ही त्याला सांगितले, पगाराचा चौथा हिस्सा घरात देत जा. यात काही चुकले असे मला आजही वाटत नाही. कमावत्या माणसाने जेवतो त्या घराला हातभार लावावा. दुसऱ्या मजल्यावरच्या बाई मला ऐकवत, ‘चांगली आई मुलाचे पैसे बाजूला ठेवते आणि लग्नात परत देते.’ मी बाजूला ठेवले नाहीत. त्या पैशांचे धान्य आले, वीज आली, औषधे आली, आणि त्यातले निम्मे त्यानेच खाल्ले.

पण त्याने पैसे दिले ते गिऱ्हाईक होऊन. टॉवेल ओला आहे, चहा निवला आहे, ‘पैसे देतो ना मी?’ हे वाक्य रोज सकाळी. पुढे त्याच्या वडिलांची छाती बिघडली. त्यांची खोली याच्या खोलीला लागून. एक दिवस हा मला म्हणाला, “आई, बाबांच्या खोकल्यानं माझी झोप होत नाही. या महिन्यात थोडे कमी देतो.” भिंत पातळ होती. त्या दिवसापासून माझे पती उशीत तोंड खुपसून खोकू लागले. ती उशी मीच भरली होती. पुढच्याच हिवाळ्यात ते गेले. मला तेव्हा जी शिसारी आली ती मी गिळली. पोटचा पोरगा होता.

३. साहेबांनी लग्न केले, वेगळे बिऱ्हाड केले, आणि पाच वर्षांपूर्वी ते मोडून माझ्याकडे परत आले. सूनबाईने त्याला सोडले, मला सोडले नाही. ती रुग्णालयात परिचारिका आहे. अजून दर रविवारी येऊन माझ्या गुडघ्यांना शेक देते आणि तो घरी असला तर त्याच्याकडे न बघता जाते. माझे शिवणयंत्र, मोठी कात्री आणि वाकड्या सुयांचा डबा मी तिला देते. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. ती कोणाला भीत नाही.

परत आल्यावर मी साहेबांना खर्चाचे विचारले. ते म्हणाले, “आईच्या घरात कोणी भाडं देतं का?”

४. आता माझ्या नातीविषयी, जिला आम्ही भिंगरी म्हणतो. नोकरीला जवळ पडते म्हणून दोन वर्षांपूर्वी ती बापासोबत इथे राहायला आली. जनावरांच्या दवाखान्यात ती पिंजरे धुते आणि सुई टोचताना कुत्री धरून ठेवते. हातांवर सदा ओरखडे. आली तेव्हा कामावरून सुटली की थेट माझ्या कामाच्या खोलीत यायची, काथ्याच्या ढिगावर बसून दिवसभराच्या गमती सांगायची. मग यायची थांबली. मला बघून चपला हळू काढायची, पानात दुसऱ्यांदा वाढून घ्यायची नाही. मला वाटले, तरुण पोर, म्हातारीचा कंटाळा आला असेल. असे वर्ष गेले.

गेल्या पावसाळ्यात एका दुपारी ती दाराशी येऊन उभी राहिली. मी खुर्चीला कापड ठोकत होते, तोंडात चुका, म्हणजे बारीक खिळे, धरलेल्या.

“आजी, या महिन्याचे पैसे चार दिवस उशिरा दिले तर चालतील का?”

मी चुका तळहातावर काढल्या. “कसले पैसे?”

“राहायचे. बाबा म्हणाले, आजीकडे विषय काढू नकोस, ती आधीच चिडली आहे. पण माझा पगारच लांबलाय.”

तिच्या पगाराचा तिसरा हिस्सा माझा मुलगा वर्षभर माझ्या नावाने घेत होता. मी तिला खरे काय ते सांगितले. पैशांचे सोडून ती एवढेच म्हणाली, “म्हणजे तू कधी चिडलीच नव्हतीस?”

रात्री तो जेवायला बसला तेव्हा मी विचारले.

“तिला शिस्त लागावी म्हणून घेतले,” तो म्हणाला. घास थांबला नाही. “तूच लावलेली पद्धत आहे ना?”

“मग माझं नाव का घेतलंस?”

“तुझं नाव घेतलं की ती देते. माझं घेतलं असतं तर दिले नसते.”

लाजेने खोटे बोलला असता तर मी आधीचे मृत्युपत्र बदलले नसते. तो खरे बोलला, आणि वर भाजी वाढ म्हणाला. त्या क्षणी मला त्याच्या हाताची, तोंडाची, माझ्याच भांड्यातल्या माझ्याच भाजीची किळस आली. मी उठून गेले.

५. त्या पैशांतून त्याने कारखान्यात बनलेली एक तयार आरामखुर्ची आणली आहे, नकली चामड्याची. तो कामावर असताना मी तिचा तळ उसवून पाहिला. आत पुठ्ठा आणि पिना. मी आयुष्यभर ज्या घरात हा धंदा केला त्या घरात तो त्या खुर्चीवर पाय पसरून बसतो. ती खुर्ची मी त्याला देते. बाकी त्याला काही नाही.

६. माझ्या बचतीतून आधी भिंगरीने दिलेला पैसा तिला पुरता परत करावा. हे दान नाही, देणे आहे. उरलेले दवाखान्याच्या बिलांना आणि मला पोचवण्याच्या खर्चाला लागेल. वर्षभर माझी नात मला भ्यायली, त्याची भरपाई कशातून करायची हे मला कळत नाही, म्हणून त्याविषयी लिहीत नाही.

७. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंची खुर्ची भरून तयार आहे. मजुरी मिळाल्याशिवाय देऊ नये.

८. राहते घर मी भिंगरीला देते, कोणतीही अट न घालता. हे मी तिला आधीच सांगितले. ती म्हणाली, “आजी, रागावू नकोस. मला हे घर नकोय. मला दुसऱ्या शहरात जनावरांच्या दवाखान्यातल्या कामाच्या शिक्षणाला प्रवेश मिळतोय. मला इथून जायचंय.”

“मग जा की,” मी म्हटले. “घर डोक्यावर घेऊन कोणी जात नाही. विकायचं आणि जायचं.”

“आणि बाबा?”

“तुझे बाबा पन्नाशीला आलेत. त्यांना चालता येतं.”

म्हणून स्पष्ट लिहिते: माझी आठवण म्हणून हे घर कोणी राखू नये. ते विकावे. माझ्या मुलाने तीन महिन्यांत जागा रिकामी करून द्यावी. नातीने त्याच्या रडण्याला भुलू नये, आणि तिला भूल पडली तर सूनबाईने मध्ये पडावे. ज्या गावी ती जाईल तिथे तिने स्वतःच्या पैशाने एक खोली घ्यावी, आतून कडी लावावी आणि हवे तेवढे वाढून घेऊन जेवावे.

हे सर्व मी लिहिले, वाचून पाहिले, आणि दोन्ही साक्षीदारांच्या समोर सही केली. त्यांनी माझ्या समोर केली.

ठिकाण: राहत्या घराची मागची खोली
दिनांक: २२ फेब्रुवारी २०२४

सही: (लिहून ठेवणार, गाद्या भरणारी)

साक्षीदार १: (सही) कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानाचे मालक
साक्षीदार २: (सही) आमच्या घरचे डॉक्टर