वाणात दिलेली 'भेग'

१० जानेवारी २०२६
आजपासून माझी रोजनिशी. मला अक्षर येत नाही. मी सांगते, नात सुरभी लिहिते. ती कर्जतच्या कॉलेजात. तिथल्या पोरांनी 'भेग' नावाचं मासिक काढलंय, नव्या वळणाच्या कवितांचं. तिने स्वतःची एक ऐकवली. निम्मी भाजी चिरून कुणी विळीवरून उठून जावं, तशी संपली. छान आहे म्हटलं.

१२ जानेवारी
गठ्ठे घरातच. खप शून्य. तिचा बाप म्हणतो, रथसप्तमीपर्यंत एका तरी परक्या माणसाने वाचलं तर चालू ठेव, नायतर रसायनीला कंपनीत लाग. मी म्हटलं, एक काय घेऊन बसलास, तालुका वाचेल.

१४ जानेवारी, संक्रांत
सून वनिताच्या हळदीकुंकवाला प्लास्टिकचे डबे वाटायचं ठरलेलं. मी वाण म्हणून 'भेग' वाटायला लावली. एकीनेही नको म्हटलं नाही. सोनुबाई तेवढी म्हणाली, याला झाकण नाय का गं? हे लिहू नको म्हटलं, तरी सुरभीने लिहिलं. वनिता माझ्याशी बोलत नाही. साहित्यात हे चालायचंच.

१८ जानेवारी
चौकला गॅरेजवाल्याच्या घरी 'भेग' दिसली. आम्ही दिलेली नव्हती. म्हणजे मासिकाला पाय फुटले. सुरभीने विचारलं, आजे, कोण काय बोललं का? म्हटलं, वाचणारी माणसं बोलत नसतात. दुसऱ्या अंकाला लाग. माझंही काही घाल, मागणी येणारच.

२२ जानेवारी
खालापुरातही पोचली म्हणे.

२३ जानेवारी
वनिता दोन घरी हळदीकुंकवाला गेली. दोन्हीकडे वाण 'भेग'. म्हटलं, बघ, आवडली म्हणून पुढे दिली. वनिता बोलली एकदाची: आई, वाण कोण उघडून बघतं? तुमीच नाय का, आलेला ब्लाऊजपीस घडीसकट पुढं ढकलता? आज एवढंच.

२५ जानेवारी, रथसप्तमी
गठ्ठा बराचसा वाण होऊनच परत आला. हळदीची बोटं वरच्या पानावर, आत कोरं करकरीत. एका अंकातलं मात्र एक पान नव्हतं. म्हटलं, कविता आवडली असणार कुणाला, ठेवून घेतली. सुरभीने समोरची पुडी दाखवली. तिळगूळ त्याच पानात बांधून आला होता.

परवापासून ती रसायनीला. मग हे कोण लिहिणार, ते मी विचारलं नाही. म्हटलं, जायच्या आधी ती तुझी कविता तरी पुरी ऐकव.

ती म्हणाली, आजे, तेवा पुरीच ऐकवली होती.