फिरतीवरची फ्रेंच नक्षी

४ मार्च

चि. भोवऱ्यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. त्यात ज्या लोखंडी कठड्याबद्दल तू लिहिलं होतंस, वेली खालून वर चढतात आणि टोकाला एकमेकींकडे पाठ फिरवतात तो, त्याचा मी ब्रोच केला. पितळेची तार, मधे एकच मोती, आणि जुनाट दिसावं म्हणून वरून काळसर केलेला. मालकीणबाईंनी सकाळी दुकानाच्या काचेत मांडला आणि दुपारी तो गेलासुद्धा. कार्डावर त्यांनी नेहमीचंच लिहिलं होतं: ‘प्रवासात पाहिलेल्या जुन्या फ्रेंच नक्षीवरून, हाताने घडवलेला.’ प्रवास कोणाचा, हे कार्डावर नसतं म्हणून बरं. नाहीतर स्वयंपाकघरापासून आईच्या खाटेपर्यंतचा, असं लिहावं लागलं असतं.

आईचं तसंच आहे. उजवी बाजू हलत नाही, बोलणं मला कळतं, इतरांना नाही. परक्या हातून घास घेत नाही, दात घट्ट मिटते. बाई ठेवून पाहिली, दुसऱ्या दिवशी तीच रडत गेली. शेजारच्या काकू अर्धा तास बसतात. तेवढ्यात मी दुकानात माल देऊन येते. दोन वर्षांत त्याहून लांब गेलेली नाही.

आता मुद्द्याचं. मालकीणबाईंनी माझे सहा दागिने फ्रान्समधल्या एका प्रदर्शनाला पाठवले होते, मला न विचारता. ते पसंत पडले. जुन्या पद्धतीचे दागिने लोकांसमोर बसून घडवायचे, तीन आठवडे. कागदपत्रं, तिकीट सगळं त्या बघणार. पंचवीस तारखेला निघायचं. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. तू जहाजावरून रजा काढून तीन आठवडे घरी येशील का? आई तुझ्या हातून नक्की खाईल. तुझी पत्रं तिला वाचून दाखवते तेव्हा डोळे मिटून ऐकते.

उत्तर लगेच धाड. इकडे जीव टांगणीला आहे.

तुझी
ताई

७ मार्च, फिरतीवर

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

तुझं यश वाचून ऊर भरून आला. पण रजेचं जमेल असं वाटत नाही. आमचं जहाज पुढचे दोन महिने किनाऱ्याला लागणार नाही आणि कप्तान म्हणजे खडूस माणूस.

खरं सांगू का, तिथे एवढं बघण्यासारखं काही नाही. दगडी घरं, गर्दी आणि सतत गार वारा. नक्षी काय, मी लिहून पाठवतोच की. या वेळी एका राजवाड्यातल्या तसबिरीबद्दल लिहितो. तिच्यातल्या बाईच्या गळ्याला काळी मखमली पट्टी आहे, आणि पट्टीच्या मधोमध थेंबासारखा एकच खडा लोंबतो. तू तो सुंदर करशील. मालकीणबाईंना सांग, आई आजारी आहे. समजून घेतील.

आईला माझा नमस्कार सांग. माया पातळ करू नकोस.

तुझा
भोवरा

११ मार्च

चि. भोवऱ्यास आशीर्वाद.

तीन वर्षं तू लिहितोस की जगात त्या गावांसारखं काही नाही. मला जायची वेळ आली आणि तिथे नुसता गार वारा उरला.

पुरे झालं आता. चार तारखेला टाकलेल्या पत्राचं सातला लिहिलेलं उत्तर नऊला माझ्या हातात पडलं. भर समुद्रातून. तुझी पत्रं कंपनीच्या टपालपेटीतून पुढे जातात, हे पहिलं वर्षभर मी खरं मानलं. मग आई पडली. तेव्हाही तुझं उत्तर पाचव्या दिवशी आलं, आणि पाकिटावर इथून बसने चार तासांवरच्या शहराचा शिक्का. कागदाचा वरचा भाग तू दर वेळी कातरून टाकतोस. एकदा कात्री नीट चालली नाही. हॉटेलच्या नावातली चार अक्षरं राहून गेली होती.

दोन वर्षं मी गप्प बसले. आई ऐकत होती म्हणून, आणि हेही खरं की माझे हात त्याच पत्रांवर चालत होते. खोटं बोललास याचा राग नाही. तू चार तासांवर होतास आणि मी इथे अर्धे अर्धे तास मोजत होते, याचा आहे. एक रविवार, भोवऱ्या. एखादा रविवार आला असतास, तर मी नुसती नदीपर्यंत चालून आले असते.

वीस तारखेला दाराशी हजर हो. कप्तानाला काय सांगायचं ते सांग.

ताई

१४ मार्च

ती. ताईस नमस्कार. वर ‘फिरतीवर’ लिहायला हात धजत नाही.

जहाजाच्या दलालाने माझे कागद घेतले आणि तो गायब झाला. तुम्ही सगळ्यांनी मला निरोप दिलात त्याला तेव्हा जेमतेम चौथा दिवस होता. परत कुठल्या तोंडाने यायचं? या हॉटेलच्या तळघरात धुलाईचं काम मिळालं. तेव्हापासून इथेच. चादरी, टॉवेल, वाफ. भिंतीत वर एक खिडकी आहे, ती रस्त्याच्या पातळीला. तिच्यातून फक्त पाय दिसतात.

पाहुण्यांच्या खिशात चित्रं असलेली पोस्टकार्डं राहून जातात, राजवाड्यांची तिकिटं, माहितीपत्रकं. ती मी इस्त्रीखाली सुकवतो. ताई, पहिलं पत्र तुला धीर यावा म्हणून लिहिलं. पुढची माझ्यासाठी. आठवड्यातून एक संध्याकाळ मी या खोलीच्या बाहेर असायचो. तो कठडा कुठल्याच कार्डावर नव्हता. तो मीच रचला.

आई पडली तेव्हा मी आलो होतो. आपल्या गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत. तू खिडकीत ओला टॉवेल पिळत होतीस. तुझे केस पांढरे झालेले दिसले आणि माझे पाय उलटे फिरले. हे तुला कधी कळू नये असं वाटत होतं.

वीसला येतो. शिव्या दाराबाहेर दे, आईसमोर नको.

भोवरा

३१ मार्च

चि. भोवऱ्यास आशीर्वाद. आईला नमस्कार.

घरून निघताना मी तुझ्याशी धड बोलले नाही. पाच दिवस सोबत राहून औषधांच्या वेळांपलीकडे शब्द काढला नाही. तो माझा हट्ट होता.

इथे पहिले तीन दिवस प्रदर्शनाचा हॉल आणि उतरण्याची खोली, एवढंच पाहिलं. काम संपलं की आत शिरून दार लावून बसायची. बाकीचे फिरायला जात, मला हाका मारत. मी डोकं दुखतं म्हणायची. खरं म्हणजे उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की अर्ध्या तासात माझा श्वास कोंडतो, कोणीतरी हाक मारतंय आणि मी नाही, असं वाटतं. खाट इथे नाही, पण मी तिला बांधलेलीच आहे.

काल एक म्हातारा सोनार माझ्या टेबलापाशी आला. त्याची हयात जुन्या राण्यांचे दागिने दुरुस्त करण्यात गेलेली. मी इथे पुन्हा घडवलेला वेलींचा ब्रोच त्याने भिंगाखाली धरला आणि दुभाष्या बाईंमार्फत विचारलं, “ही कठड्याची नक्षी कुठल्या वाड्याची? मी या भागातले सगळे कठडे ओळखतो, हा कधी पाहिला नाही.” मागे माझ्यासोबत आलेल्या मालकीणबाई उभ्या होत्या. त्यांनी मला डोळ्याने खुणावलं. एखाद्या गावाचं नाव घेतलं असतं तर भागलं असतं. मी म्हणाले, “वाड्याची नाही. माझा भाऊ तळघरात कपडे धुतो. त्याने मनाने रचली.”

मालकीणबाईंचा चेहरा पडला. म्हातारा मात्र खुर्ची ओढून बसला. तारांचे सांधे डाख लावून कसे जोडते ते त्याने तासभर पाहिलं. आज त्याचा निरोप आला, की त्याच्या कारखान्यात तीन महिने येऊन शिकावं. जुनी कोंदणं बसवण्याची रीत आता त्याच्यानंतर कोणाला येत नाही. मी अजून उत्तर दिलेलं नाही. सोळाला परतायचं ठरलंय, तेच धरून चाल.

ताई

७ एप्रिल, घरून

ती. ताईस सा. न.

आईला मी सगळं खरं सांगितलं. तिने दोन दिवस माझ्या हातून घास घेतला नाही. दात मिटून भिंतीकडे बघत राहिली. मला वाटलं, आता मीही त्या बाईसारखा रडत जाणार. तिसऱ्या दिवशी तोंड उघडलं. पेज अर्धी सांडली, अर्धी पोटात गेली. मग डाव्या हाताने माझा कान धरला, आणि चांगला पिळला.

आता तुझ्यापासून काही लपवायचं नाही म्हणून हेही लिहितो. परवा सकाळी काकू येऊन बसल्या आणि मी पिशवी भरली. दुकानातून मेतकूट आणायला नव्हे. निघूनच चाललो होतो. खालच्या पायरीवर बसलो. बसस्टॉप समोर दिसत होता, बस आली आणि गेली. अर्धा तास होत आला तसा उठलो आणि वर आलो. काकूंना कळलं नाही. आईने पिशवीकडे पाहिलं.

तळघर बरं होतं असं म्हणवत नाही, पण तिथे माझी वाट कोणी बघत नव्हतं. तू दोन वर्षं हे कसं केलंस?

तरी सांगतो, तीन महिने राहा. मी भीतभीत सांगतोय, तरी राहा.

भोवरा

१४ एप्रिल

चि. भोवऱ्यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. त्या पायरीवर मी किती वेळा बसले असेन, ते मला मोजता येणार नाही. एकदा तर बसमध्ये चढले होते. पुढच्या थांब्यावर उतरून पळत आले. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं माणूस मला आज मिळालं.

मी राहते आहे. आज सोनाराकडे जाऊन हो म्हणून आले. जुलैच्या मध्याला परत येईन, आणि त्यानंतर आईपाशी वर्षाचे सहा महिने तुझे, सहा माझे. मला दया आली म्हणून सोडून देईन असं समजू नकोस. आईची मी जशी मुलगी, तसाच तू मुलगा.

मालकीणबाई दोन दिवस फुगल्या होत्या. आता नव्या कार्डांवर काय छापायचं ते विचारतात. मी सांगितलं, छापायचंच तर दोघांची नावं छापा.

संध्याकाळी एकटी नदीकाठाने चालले. अर्ध्या तासाला कठड्याला धरून उभी राहिले, मग पुढे गेले. परत आले तेव्हा सव्वा तास झाला होता. फार काही पाहिलं नाही. पाणी पाहिलं.

आता तू मला समुद्र, राजवाडे, तसबिरी काही लिहू नकोस. आईने काय खाल्लं, कुठल्या कुशीवर झोपली, तुझ्यावर किती वेळा चिडली, तेवढंच लिही. आणि ज्या दिवशी पुन्हा पिशवी भरशील, त्या दिवशीही लिही. मी रागावणार नाही.

दोघांनी एकमेकांना सांभाळा. माझ्यावर माया ठेवाच, मीही ठेवून आहे.

तुमची
ताई